'थ्रेशोल्ड' सोडून द्यायचा की पुन्हा बघायचा?

राजारामपुरीतल्या एका तरुण मित्राने विचारलंय: "आम्ही पाचसहा जण दर रविवारी रात्री 'स्टार ट्रेक: व्हॉयेजर' क्रमाने बघतोय. दुसऱ्या हंगामाचे चौदा भाग झाले. पुढचा 'थ्रेशोल्ड'. ज्यांनी आधी पाहिलाय ते म्हणतात सोडा, डोकं फिरेल. बाकीच्यांना तो नुसता टिंगल करायला बघायचाय. मी कॉलेजात असताना पाहिला होता आणि जाम वैतागलो होतो. सर, असा बदनाम भाग पुन्हा बघण्यात काही अर्थ आहे का? बघायचा तर त्यात काय बघायचं? आणि माणसं तीच, सेट तेच, तरी एखादा भाग एवढा कसा गंडतो?"

सोडू नका, बघा. फक्त दोन गोष्टी डोक्यातून काढून बसा. पहिली, टिंगल. ती आपोआप होणारच आहे, त्यासाठी वेगळी तयारी लागत नाही. दुसरी जास्त धोक्याची: "लोकांना कळला नाही, खरं तर हा भाग भारी आहे" असं सिद्ध करायची खुमखुमी. हा भाग भारी नाही. फसलेलाच आहे. पण नेमका कुठे फसलाय, हे बहुतेकांनी चुकीच्या जागी दाखवलंय. ती जागा शोधायला तो पुन्हा बघायचा.

मी संकलक आहे. कोल्हापुरात बसून मालिका, माहितीपट, लग्नाच्या फिल्मा, जे येईल ते कापत-जोडत आलोय, आणि मुलांना संकलन शिकवतो. मुलांना मी चांगले भाग कमी दाखवतो. चांगल्या भागात सांधा दिसत नाही, त्यामुळे शिकणाऱ्याला हात कुठे घालायचा तेच कळत नाही. फसलेल्या भागात सगळे टाके उसवलेले असतात. लेखकाला काय म्हणायचं होतं, नटाने काय वाचवलं, पैसा कुठे गेला, वेळ कुठे संपला, सगळं उघड्यावर. 'थ्रेशोल्ड' त्यासाठी फार उपयोगी आहे, कारण तो अर्धा चांगला आहे.

ज्यांनी मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी गोष्ट सांगून टाकतो. 'व्हॉयेजर' ही 'स्टार ट्रेक' घराण्यातली अमेरिकन विज्ञानमालिका १९९५ ते २००१ अशी सात हंगाम चालली. जहाज आकाशगंगेच्या दुसऱ्या टोकाला, सत्तर हजार प्रकाशवर्षांवर फेकलं गेलंय. पूर्ण वेगाने निघालं तरी घरी पोचायला पंचाहत्तर वर्षं लागणार. 'थ्रेशोल्ड' २९ जानेवारी १९९६ ला दाखवला गेला. त्यात वैमानिक टॉम पॅरिस 'वॉर्प टेन' हा वेग गाठतो. या विश्वात त्याचा अर्थ अनंत वेग, म्हणजे एकाच क्षणी सगळीकडे असणं. तो जातो, परत येतो, सगळे टाळ्या वाजवतात. मग त्याचं शरीर बदलू लागतं. पाण्याची ॲलर्जी होते, हवा सोसत नाही, तो मरतो, पुन्हा जिवंत होतो, केस गळतात, जीभ गळून पडते. शेवटी तो कॅप्टन जेनवेला पळवून पुन्हा त्याच वेगाने निघून जातो. तीन दिवसांनी जहाजाला दोघं एका दलदलीच्या ग्रहावर सापडतात, सरड्यासारखे उभयचर झालेले, शेजारी तीन पिल्लं. डॉक्टर दोघांना पूर्ववत करतो. पिल्लं तिथेच सोडून जहाज पुढे निघतं.

हसणारे सगळे त्या दलदलीपाशी हसतात. माझं म्हणणं, तिथे पोचेपर्यंत गाडी कधीच रुळावरून घसरलेली असते. दलदल हा फक्त आवाज आहे.

आता सुरुवातीकडे जाऊ. टीझरमध्ये, म्हणजे नामावलीआधीच्या तुकड्यात, पॅरिस शटल (छोटं यान) हाकतोय, वेग वाढतोय, शटलचे तुकडे होतात, आणि मग कळतं की ही संगणकातली चाचणी होती. तंत्राची चर्चा, मेसमधली बडबड, जहाजाचा स्वयंपाकी नीलिक्स याच्या भाबड्या प्रश्नातून सुचलेला मार्ग. ठीकठाक कारागिरी. मग एक छोटा प्रसंग येतो, आणि तो तुम्ही थांबवून पुन्हा बघावा असा आहे. डॉक्टरला तपासणीत आढळलंय की पॅरिसला उड्डाणात मेंदूत रक्तस्राव होण्याची दोन टक्के शक्यता आहे. जेनवे त्याच्या खोलीवर येते आणि सांगते, उड्डाण त्याचा सहकारी हॅरी किम करेल. पॅरिस आवाज चढवत नाही. लहानपणी वडील आणि मास्तर म्हणायचे की हा पोरगा मोठा होऊन काहीतरी करून दाखवणार, आणि तसं काही झालं नाही, एवढंच तो सांगतो. ॲडमिरलचा मुलगा, अपघातात साथीदार गमावलेला, त्याबद्दल खोटं बोललेला, तुरुंगात जाऊन आलेला. आपल्याकडे अशा पोराला सगळं तालीम मंडळ ओळखतं, आणि त्याच्या बापाला भेटल्यावर कुणी त्याचा विषय काढत नाही. जेनवे ऐकते आणि परवानगी देते.

या प्रसंगात कापाकापीचा एकही दिखाऊपणा नाही. दोन माणसं, एक खोली. जेनवे झालेल्या केट मलग्रूचा चेहरा बघा. पॅरिस बोलत असताना ती निर्णय बदलतेय, हे तिने 'हो' म्हणण्याआधी दिसतं. पॅरिस झालेला रॉबर्ट डंकन मॅकनील हा नट पुढे दिग्दर्शक झाला आणि याच मालिकेचे काही भागही त्याने केले. त्याला कॅमेऱ्यासमोर कधी काही करायचं नाही हे कळतं, ते इथेच दिसतं. इथे भागाने प्रेक्षकाला एक शब्द दिलाय: या माणसाला स्वतःच्या नजरेत मोठं व्हायचंय, बघूया होतो का. पूर्ण भाग या एका शब्दावर उभा राहू शकला असता.

आणि खरंच, शेवटचा प्रसंग याचंच उत्तर म्हणून लिहिलेला आहे. दवाखान्यात बरा झाल्यावर पॅरिस जेनवेला म्हणतो की इतिहास घडवला की सगळं आपोआप बदलेल असं वाटलं होतं, पण लोकांचं मत नव्हे, माझं स्वतःबद्दलचं मत बदलायला हवं. वाक्य चांगलं आहे. पहिल्या प्रसंगाशी घट्ट बांधलेलं आहे. फक्त या दोन टोकांच्या मधे एवढं काही घडून गेलेलं असतं की ते वाक्य कानावर पडतं पण आत जात नाही. तीन पिल्लं जन्माला आलीयत आणि आपण आत्मसन्मानाबद्दल बोलतोय! पिल्लांचा विषय विनोदाच्या एका फटकाऱ्यात उरकून टाकलाय. हे बघून प्रेक्षक लेखकावरचा विश्वास काढून घेतो. तो एकदा काढून घेतला की पुढचं कितीही खरं वाक्य खोटंच वाटतं.

मधल्या भागाबद्दल मात्र माझ्याकडे वाईट बोलायला फारसं काही नाही. कॉफी पिता पिता कोसळण्यापासून ते जीभ गळण्यापर्यंतची सगळी दवाखान्यातली दृश्यं म्हणजे सरळ भयपट आहे, आणि नेटका आहे. मरायला टेकलेला पॅरिस पिझ्झा मागतो, थट्टा करतो, रडतो, मग चिडतो. नंतर संरक्षक पडद्याआडून जेनवेशी बोलताना एका श्वासात तुच्छतेने बोलतो आणि दुसऱ्या श्वासात मदतीची भीक मागतो. चेहऱ्यावर रबराचे थर चढवलेले असताना डोळ्यांतून आणि आवाजातून एवढं काढणं सोपं नाही. मायकेल वेस्टमोर यांच्या चमूला या भागासाठी १९९६ चा मेकअपचा एमी पुरस्कार मिळाला. म्हणजे ज्या भागाला लोक मालिकेतला सर्वांत वाईट म्हणतात, त्याच भागाच्या नावावर एमी आहे.

नाटकांना रंगभूषा करणाऱ्या एका ओळखीच्या कलाकाराला मी ही दृश्यं आवाज बंद करून दाखवली होती. त्याने गोष्ट विचारलीच नाही. "कानामागची कड बघा, जोड कुठं दिसतोय का? आणि पापणीजवळ पातळ ठेवलंय, म्हणून डोळा हलतोय," एवढंच म्हणाला, आणि प्रत्येक टप्प्यावर कातडीचा रंग किती बारकाईने उतरवत नेलाय ते बोटाने दाखवत राहिला. कोल्हापूरकरांना हे नवीन वाटू नये. बाबूराव पेंटरांच्या १९२० च्या 'सैरंध्री'तला कीचकवध लोकांच्या इतका अंगावर आला होता की तो सरकारला खुपला आणि कापावा लागला. हातातलं कसब गोष्टीच्या पुढे धावू शकतं, हे या गावाने शंभर वर्षांपूर्वीच पाहिलंय. फरक एवढाच की तिथे गोष्ट व्यासांची होती, ती मागे पडली नाही.

तर मग फसला कुठे?

डॉक्टर पॅरिसला बरा करतो, तिथे. कारण साधं आहे. मालिकेची एकुलती एक अडचण म्हणजे घर लांब आहे. या भागात ते अंतर एका क्षणात कापता येतं हे सिद्ध झालं. तोटा काय? शरीर बदलतं. पण शेवटी डॉक्टर ते बदललेलं शरीर जसंच्या तसं परत आणतो, तेही दोघांचं. मग सगळ्यांनी शटलमध्ये बसावं, घरी जावं, सरडे व्हावं आणि डॉक्टरने एकेकाला सरळ करत बसावं! तुमच्या ग्रुपमधला कुणीतरी हे म्हणणारच. म्हटलं की त्याला हसू नका. संपूर्ण भागावरची सगळ्यात अचूक टीका तीच आहे. पटकथेने असा शब्द देऊन टाकला जो मालिकेला पाळणं परवडणारंच नव्हतं, कारण पाळला तर मालिका दुसऱ्याच हंगामात संपते.

खासबाग मैदानात नुरा कुस्ती ओळखायला पब्लिकला फार वेळ लागत नाही. दोन्ही मल्ल तयारीचे असतात, डावही खरे असतात, पण निकाल आधी ठरलाय हे एखाद्या पकडीतून कळतं आणि मग चांगला डावसुद्धा कुणी मोजत नाही. 'थ्रेशोल्ड'मध्ये ती पकड म्हणजे पॅरिस मरून पुन्हा जिवंत होणं. तिथे आपल्याला आतून कळतं की याचं काही बरंवाईट होणार नाही, सगळं मूळपदावर येणार. तिथून पुढे लेखक आपल्याला धक्के देत जातो आणि आपण ते मोजणं बंद करतो.

पुन्हा बघताना मी मुलांना नेहमी हेच शोधायला सांगतो: पडद्यावर धोका वाढत असताना तुमची काळजी कोणत्या शॉटला कमी झाली? तो शॉट लिहून ठेवा. तुमच्या मित्रांना वेगवेगळ्या जागा सापडतील. काहींना दलदल, काहींना माझ्यासारखं पुनर्जीवन, एखाद्याला कदाचित त्याही आधी. मग भांडा. पण "बकवास" हा शब्द न वापरता भांडा, कारण तो शब्द आला की चर्चा संपते.

याला जोडून आणखी एक उसवलेला टाका सांगतो, तो माझ्या एका विद्यार्थिनीने दाखवला. जेनवेला पळवून नेल्यापासून ती बरी होईपर्यंत तिच्या वाट्याला करण्याजोगं काही येतच नाही. ज्या बाईने पहिल्या अर्ध्या तासात दोन अवघड निर्णय घेतले, ती अचानक सामान होते. पॅरिसला तिलाच का न्यायचं होतं, याचं उत्तर पटकथेकडे नाही. तो हॅरी किमला घेऊन गेला असता तरी कथानक तेच राहिलं असतं, फक्त पिल्लं झाली नसती. म्हणजे कॅप्टनला तिथे नेलं ते पिल्लांसाठी. लेखकाला शेवट आधी सुचलेला असतो आणि माणसं मागून ओढून आणली जातात तेव्हा असंच होतं. आमच्याकडे मराठी मालिकांत हे रोज दुपारी चालतं, नावं घेत नाही.

आता कल्पनेबद्दल, कारण ती ऐकून तुम्हाला थोडं वाईट वाटेल. मूळ कथा मायकेल डी लुका यांची, पटकथा ब्रॅनन ब्रागा यांची, दिग्दर्शन अलेक्झांडर सिंगर यांचं. ब्रागांनी स्वतःच नंतर या भागाचे वाभाडे काढलेत. त्यांना म्हणायचं होतं ते असं की उत्क्रांती म्हणजे मोठं डोकं आणि लखलखता मेंदू असलेल्या देवमाणसाकडे जाणारा जिना असेलच असं नाही. लाखो वर्षांनंतरचा माणूस कदाचित चिखलात सुखाने पडलेला साधा जीवही असेल. विज्ञानकथांमध्ये भविष्यातला माणूस नेहमी तेजाचा गोळा होतो, त्या सवयीला हा टोला होता. कल्पना बेष्ट आहे. पण पडद्यावर तिच्यासाठी डॉक्टरच्या तोंडी दोनचार वाक्यं आहेत, आणि ती माहिती दिल्यासारखी येतात. त्यातून प्रेक्षकाला एवढंच कळतं की वेगाने गेलं की सरडा होतो. एखादं पात्र त्या दलदलीकडे बघून क्षणभर जरी म्हणालं असतं की हे दोघं इथे सुखात दिसतायत, यांना परत आणायचा आपल्याला अधिकार आहे का, तरी सगळा भाग फिरला असता. तिथे जेनवेचा उपकप्तान चाकोते फक्त म्हणतो की हे नोंदवहीत कसं लिहायचं कुणास ठाऊक. विनोद झाला, विचार गेला.

शास्त्राच्या बाजूने बोलायचं तर मूळ घोटाळा असा की उत्क्रांती एका माणसाच्या शरीरात घडत नाही. ती पिढ्यान्‌पिढ्या, समूहात, परिसराशी झगडताना घडते. पुढचा माणूस कसा असेल हे आज कुणाच्याही पेशीत लिहून ठेवलेलं नाही की नुसता वेग वाढवला आणि पान उलटलं. पण यावर मी फार वेळ घालवत नाही. ब्रागांनीच दोन वर्षं आधी, १९९४ मध्ये, 'व्हॉयेजर'च्या आधीच्या 'स्टार ट्रेक' मालिकेसाठी, 'नेक्स्ट जनरेशन'साठी, 'जेनेसिस' हा भाग लिहिला होता. त्यात जहाजावरची माणसं उलट्या दिशेने जाऊन प्राणी होतात. शास्त्र तिथेही तितकंच लंगडं. तरी तो भाग लोक मजेत बघतात, कारण तो स्वतःला भयपट समजतो आणि भयपटासारखाच संपतो. 'थ्रेशोल्ड'ला भयपटही व्हायचंय, चरित्रही सांगायचंय, उत्क्रांतीवर भाष्यही करायचंय आणि वर एक हेरगिरीचं उपकथानकही चालवायचंय. जोनास नावाचा जहाजावरचा माणूस या उड्डाणाची माहिती शत्रूला, काझोनला, गुपचूप पाठवतो. अनंत वेगाचं गुपित शत्रूच्या हातात पडलं, म्हणजे केवढी मोठी गोष्ट! पुढे त्याचं काहीच होत नाही. पुढच्या भागांतही हा शोध लागलाच नव्हता असं धरून सगळे वागतात.

वॉर्पच्या आकड्यांची एक गंमत इथेच सांगून टाकतो, कारण तुमच्यातला एखादा नक्की विचारेल. साठच्या दशकातल्या मूळ मालिकेत जहाज कधीकधी वॉर्प अकरा, चौदा असंही जायचं. १९८७ ला 'नेक्स्ट जनरेशन' आली तेव्हा नवी मोजपट्टी केली आणि दहा म्हणजे अनंत असं ठरवलं, म्हणजे दर आठवड्याला आकडा फुगवत नेण्याचा मोह लेखकांना होऊ नये. जी भिंत मोह आवरण्यासाठी बांधली, तीच फोडण्याची गोष्ट कुणाला तरी सुचणार हे ओघाने आलंच.

"माणसं तीच असताना एवढा कसा गंडतो?" याचं उत्तर अर्धं यातच आलं. उरलेलं अर्धं कारखान्याचं आहे. त्या काळी अशा मालिकेचे वर्षाला सव्वीस भाग निघायचे. एक चित्रीत होतोय, एक संकलनात आहे, एक लिहिला जातोय. एखादी पटकथा शेवटच्या अंकात अडखळतेय हे सगळ्यांना दिसत असतं, पण तारीख पुढे जात नाही. थांबून विचार करायला जागा नसते. अशा वेळी संकलकाच्या टेबलावर जे येतं त्यातून तो गती देऊ शकतो, एखादा डगमगणारा प्रसंग आखडता घेऊ शकतो, चांगल्या नटाचा चेहरा जरा जास्त वेळ ठेवू शकतो. जे चित्रीतच झालं नाही ते तो कुठून आणणार?

मात्र सगळे बदनाम भाग एका रांगेत बसवू नका. 'नेक्स्ट जनरेशन'च्या दुसऱ्या हंगामाचा शेवटचा भाग, 'शेड्स ऑफ ग्रे', जुलै १९८९ चा. १९८८ च्या लेखकांच्या संपामुळे तो हंगाम बावीस भागांवर आला होता, आधीच्या भागांवर जास्त पैसे खर्च झाले होते, म्हणून तीन दिवसांत थोडंसं चित्रीकरण करून बाकीचा वेळ जुन्या भागांच्या तुकड्यांनी भरला. जहाजावरचा अधिकारी रायकर आजारी पडून आठवणी काढतो, एवढीच गोष्ट. तो भाग कंटाळवाणा आहे आणि त्यात शोधण्यासारखं काही नाही. हिशेबाची वही आहे ती. खुशाल सोडा.

उलट मूळ मालिकेचा 'स्पॉक्स ब्रेन', २० सप्टेंबर १९६८ चा. चाहत्यांनी पत्रांचा पाऊस पाडून मिळवलेल्या तिसऱ्या हंगामाची सुरुवातच त्याने झाली. खर्च कमी केलेला, वेळ शुक्रवारी रात्री दहाची, जेव्हा तरुण प्रेक्षक घरात सापडत नाही. एक बाई येऊन जहाजावरचा अधिकारी स्पॉक याचा मेंदू काढून नेते आणि बाकीचे बिनमेंदूच्या स्पॉकला रिमोटने चालवत मेंदू शोधत फिरतात. लेखक जीन कून यांनी त्यावर आपलं नाव न घालता ली क्रोनिन हे टोपणनाव घातलं. स्पॉक झालेल्या लिओनार्ड निमॉय यांनाही तो करताना लाज वाटत होती, असं त्यांनी पुढे लिहिलं. तरी तो मी आनंदाने बघतो. एकही नट डोळा मारत नाही. सगळे मेंदू हरवणं हा रोजचाच गंभीर प्रसंग असल्यासारखे वावरतात, आणि त्या इमानदारीमुळेच तो टिकतो. तुमचं 'व्हॉयेजर' संपलं की एखादा रविवार त्याला द्या.

आता तुमच्या रविवारचं. हा भाग जेवणाबरोबर लावू नका. तांबडा रस्सा समोर असताना जीभ गळण्याचं दृश्य नको, हे गमतीने सांगत नाहीये. पहिल्यांदा सलग बघा, मधे थांबवू नका. ज्यांना हसायचंय त्यांना हसू द्या. मग चहा झाल्यावर फक्त तीन तुकडे पुन्हा लावा: पॅरिसच्या खोलीतला जेनवेबरोबरचा प्रसंग, पडद्याआडून बोलतानाचा पॅरिस, आणि शेवटचा दवाखाना. मधला तुकडा एकदा चित्र झाकून नुसता ऐका. मेकअपची भुरळ बाजूला झाली की नटाने किती काम केलंय ते कानाला कळतं. पहिला आणि तिसरा लागोपाठ लावा, मधलं सगळं गाळून. पाचसात मिनिटांची एक नीट गोष्ट तयार झालेली दिसेल. ज्याच्या लॅपटॉपवर एखादं साधं संकलन ॲप असेल त्याने स्वतःपुरतं हेही करून बघावं: दलदल काढून टाका, पॅरिसला दवाखान्यातच उपचार लागू पडला असं जोडा. भाग लहान होईल, जेनवेचं पळवणंही जाईल, पण काय काय बिघडत नाही हे बघून चकित व्हाल. शेवटच्या अंकाने कथेत नेमकी किती भर घातली होती त्याचा हिशेब आपोआप समोर येतो.

आणि त्याच रात्री जमलं नाही तर पुढच्या रविवारी, पण फार अंतर न पडू देता, सोळावा भाग बघाच: 'मेल्ड', ५ फेब्रुवारी १९९६ चा, म्हणजे मूळ प्रसारणात अवघ्या एका आठवड्याने आलेला. लेखक-दिग्दर्शक वेगळे, बाकी कारखाना तोच, दमलेली माणसंही तीच. जहाजावर एक खून होतो, कुणी केला ते लगेच कळतं, आणि जहाजाचा सुरक्षाप्रमुख टूव्हॉक याला छळणारा प्रश्न उरतो तो एवढाच की त्याने का केला. बहुतेक सगळा भाग जहाजावरच घडतो. खुनी झालेला ब्रॅड डूरिफ नावाचा नट शांतपणे बसून बोलतो आणि अंगावर काटा येतो. तिथे भागाने दिलेला शब्द लहान आहे आणि तो पूर्ण पाळलाय. दोन्ही भाग पाठोपाठ बघितले की तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी लिहिलंय त्यापेक्षा जास्त स्पष्ट होईल.

तुमच्यात एखादा अगदी नवीन असेल, ज्याने 'स्टार ट्रेक' म्हणून काहीच पाहिलं नाही, तर त्याला मात्र त्या रविवारी बोलावू नका. त्याला 'मेल्ड'च्या दिवशी बोलवा. हा भाग कळायला आधी या माणसांशी थोडी ओळख लागते. ती नसेल तर त्याच्या डोक्यात 'व्हॉयेजर' म्हणजे सरडे एवढंच राहील, आणि पुढच्या पाच हंगामांसाठी त्याला पुन्हा सोफ्यावर बसवताना तुमच्या नाकी नऊ येतील.